टॅब घ्यावा की नको : आमच्या घरचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत उभे राहून बोलायची सवय नाही. गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "टॅब घ्यायचा की नाही म्हणून तुम्ही महिनाभर वही लिहीत होता म्हणे. तेवढंच येऊन सांगा." मी म्हटले, अहो, ती काही वही नव्हे, दुधाच्या हिशेबाची मागची पाने आहेत. त्या म्हणाल्या, तीच हवीत. तेव्हा ती पाने घेऊनच उभी राहिले आहे. चुकले माकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या घरी आम्ही पाच माणसे. हे रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामावर आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते. आत्याबाई आहेत. मुलगी २०२५ साली दहावी होऊन अकरावी सायन्सला गेली, धाकटा सातवीला. घरात मोठा फोन एकच, तो यांचा. माझा बटणांचा. मी ब्लाऊज शिवते आणि साडीला फॉल लावते, पिको मात्र दुसरीकडून करून आणावा लागतो.

मुलीने टॅब मागितला तो कॉलेज सुरू झाल्यावर आठवड्याभरात. तिच्या वर्गातल्या काही मुलींकडे होता. आमचे धाकटे चिरंजीव लगेच पुढे आले, म्हणाले, नुसता टॅब काय कामाचा, घरात वायफाय पाहिजे. हे म्हणाले, बघू. आपल्या घरांत "बघू" याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको.

पैसे माझ्याकडे होते, हे आधी कबूल करते. लाडक्या बहिणीचे दीड हजार जुलै २०२४ पासून लागू झाले. त्यातले निम्मेअधिक घरात जिरले, पण उरलेले मी पोस्टात टाकत गेले होते. ते पिकोच्या मशीनसाठी. जुने मशीन मिळाले तर साडीमागे साठसत्तर रुपये बाहेर जातात ते घरात राहतील, असा माझा दोन वर्षांचा बेत. मशीन पैसा आणील आणि टॅब पैसा खाईल, हे कळायला सातवीसुद्धा लागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी मनात नाहीच म्हटले होते.

तरी म्हटले, नाही म्हणायचे तर आकडे मांडून म्हणावे. बाजारात जाऊन विचारले. बरा टॅब साडेबारा हजारांच्या आसपास. घरात वायर आणून इंटरनेट घ्यायचे तर सगळ्यांत खालचा दर महिना ३९९ रुपये. जाहिरातीत एवढेच लिहिलेले असते, पण त्यावर अठरा टक्के कर बसतो आणि हाती पावती येते ती ४७१ ची. वर्षाचे झाले ५,६५० रुपये. टॅब आणि इंटरनेट मिळून पहिल्या वर्षी अठरा हजारांच्या वर. बायांनो, लाडक्या बहिणीचे बारा महिन्यांचे पंधराशे म्हणजे बरोबर अठरा हजार. कुणी हिशेब जुळवून ठेवावा तसा आकडा आला.

दुकानदार म्हणाला, हप्त्यावर न्या, व्याज शून्य. मी म्हटले, कागदावर लिहून द्या. तेव्हा फाइलचा चार्ज निघाला, विमा निघाला. व्याज शून्य खरे, पण शून्याच्या मागून दोन पाहुणे आले. हप्त्याचा विचार तिथेच सोडला.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. फोनचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरायचे. तीन महिन्यांचा म्हणून जो रिचार्ज देतात तो चौऱ्याऐंशी दिवसांचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले तेव्हा काही महिने सगळेच फुकट होते, आठवत असेल. फुकटाची सवय लागली, मग स्वस्ताची लागली, आणि जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी एकदम दर वाढवले तेव्हा सोडता येईना. आत्याबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "रेडिओचं तरी काय होतं? एकदा इकत घेतला तरी वर्साला पोस्टात लायसन भरावंच लागायचं." त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना माझ्या आधी कळले होते.

आता वहीकडे येते. गणपती उठल्यावर मी दुधाच्या वहीच्या मागे चार रकाने आखले. फोन कोणी घेतला, किती वाजता, किती वेळ, कशाला. सगळ्यांना सांगितले की खरे लिहायचे, कोणी रागावणार नाही. तीस दिवस चालले.

पहिल्याच आठवड्यात लाज वाटायची वेळ आली. हे घरी असताना फोन सर्वांत जास्त वेळ कुणाच्या हाती, तर माझ्या. पाककृती बघायला म्हणून घ्यायचा आणि पाऊण तास कुणाच्या तरी सुनेचे भांडण बघत बसायचे. त्याखालोखाल धाकटा. ते गेम. आत्याबाईंचे कीर्तन वीस मिनिटे, तेही दुसऱ्याने लावून दिले तर.

मुलीच्या नोंदी शेवटी होत्या. यांची दुपारपाळी असली की घरी यायला मध्यरात्र होते, रातपाळी असली की फोन यांच्याबरोबर जातो. पहिली पाळी असेल त्याच आठवड्यात फोन संध्याकाळी घरात, आणि तेव्हा तो माझ्या नाहीतर धाकट्याच्या हातात. तीस दिवसांत मुलीला रात्री दहाच्या आत फोन मिळाला तो नऊ दिवस. एका दिवशी तिने लिहिले होते, "११.४०. रसायनशास्त्र. बाबा झोपल्यावर." दुसऱ्या एका पानावर वेळच नव्हती, नुसते "आज नको" असे लिहिले होते. तसे "आज नको" पाच ठिकाणी होते. मी विचारले, हे काय? म्हणाली, "मागायचा कंटाळा आला."

भगिनींनो, मी दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका वाडीतली. सातवीनंतर शाळा लांब होती, एस.टी.चा पास काढावा लागला असता. माझ्या वडिलांनी हिशेब मांडला. पासाचे इतके, गणवेशाचे इतके, आणि मी घरी राहिले तर खुरपणीच्या एका बाईची मजुरी वाचते. तो हिशेब चुकीचा नव्हता. मी तेव्हा भांडले नाही, दोन दिवस दप्तर भरून ठेवले आणि तिसऱ्या दिवशी रिकामे केले. पुढे मुलींना एस.टी.चा पास मोफत झाला तोवर माझे लग्न ठरत आले होते. "मागायचा कंटाळा आला" हे वाक्य मला ओळखीचे वाटले, एवढेच सांगते.

पण म्हणून मी दुसऱ्या दिवशी उठून दुकानात गेले नाही. भाऊबीजेला दौंडला आक्काकडे गेले. आक्काचे यजमान रेल्वेत आहेत. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा त्यांनी मुलासाठी टॅब घेतला आणि घरात इंटरनेटही. आमच्याकडे तेव्हा काहीच नव्हते. आमची दोन्ही मुले सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी "टिलिमिली" लागायचे, ते बघून शिकली. त्या वर्षी मी आक्काचा हेवा केला होता.

यावेळी चार दिवस राहून पाहिले. तो टॅब कपाटात वरच्या फळीवर, काच फुटलेली, बॅटरी तासभरही धरत नाही. पाच वर्षांत त्याचे आयुष्य संपले. इंटरनेट मात्र चालू आहे. संध्याकाळी दाजींचा फोन, भाच्याचा फोन, आक्काचा फोन, टीव्ही, चौघांची चार तोंडे चार दिशेला. मी मनात म्हटले, हेच का ते! तसे आक्काला बोलूनही दाखवले. ती रागावली नाही. म्हणाली, "तुला दिसतं ते खरं आहे. पण हे ड्यूटीवर तीन तीन दिवस बाहेर असतात, रात्री तोंड बघून बोलणं होतं. आणि पोरानं भरतीच्या परीक्षेचा सगळा अभ्यास यावरच केला, पुण्याचा क्लास वाचला. मी ते चारशे सत्तर बंद करणार नाही." क्लासची फी काय असती ते तिने सांगितले, आणि मी गप्प बसले. तिच्या घरी ते परवडते, कारण चार माणसे रोज वापरतात आणि एक मोठा खर्च त्यामुळे टळला. आमच्या घरी दिवसभर असतो कोण? आत्याबाई, मी आणि शिलाईचे मशीन.

परत येताना एस.टी.त बसून मी वही पुन्हा उघडली. तेव्हा जे आधी दिसले नव्हते ते दिसले. आमच्या फोनला रोज दोन जीबी मिळतात. वहीत मी रोज रात्री किती उरले तेही लिहीत होते, कारण ते फोनवरच दिसते. पुष्कळ दिवशी एक जीबीच्या आसपास उरलेले, आणि रात्री बारा वाजता ते नाहीसे. म्हणजे आमच्या घरी इंटरनेट कमी नव्हतेच. कमी होता तो फोन. आणि आम्ही विकत घ्यायला निघालो होतो इंटरनेट.

आपल्याकडे नळाला पाणी रात्री आले तर आपण काय करतो? दुसऱ्या दिवसाचे भरून ठेवतो. मुलीला विचारले, धडे असे भरून ठेवता येतात का? ती हसली आणि म्हणाली, येतात की! बालभारतीची पुस्तके सरकारने संगणकावर मोफत ठेवली आहेत, ती एकदा उतरवून घेतली की पुन्हा इंटरनेट लागत नाही. दीक्षा नावाच्या अॅपमधले पाठही साठवता येतात. धाकट्याने त्याच्या पुस्तकातला ठिपक्यांचा काळा चौकोन दाखवला, तो फोनसमोर धरला की त्या धड्याचा पाठ उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी असे चौकोन पाठ्यपुस्तकात आणले, आणि २०२० साली त्यांना जगातल्या उत्तम शिक्षकाचे मोठे पारितोषिक मिळाले. ते पुस्तक दोन महिने आमच्या घरात होते, पण तो चौकोन म्हणजे किमतीचा छाप असावा असे मी समजत होते.

तेव्हा ठरले असे. सिमकार्डाशिवायचा, नुसत्या वायफायवर चालणारा टॅब घ्यायचा. तो थोडा स्वस्त पडतो, साडेदहा हजारांत मिळाला, रोख. घरचे इंटरनेट घ्यायचे नाही. हे घरी आले की झोपण्यापूर्वी अर्धा तास यांच्या फोनवरून टॅबला जोडणी द्यायची, उरलेल्या जीबीत मुलीने दुसऱ्या दिवसाचे धडे भरून घ्यायचे. तासाभराच्या धड्याला आमच्याकडे साधारण अर्धा जीबी जातो, चित्र बारीक ठेवले तर त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी टॅब दिवसभर तिचा. त्यात इंटरनेटच नसल्यामुळे धाकट्याला त्याचे आकर्षण उरले नाही, हा फायदा मी धरलाच नव्हता.

पिकोचे मशीन पुढे गेले. कधी येईल ते आज सांगता येत नाही.

टॅब येऊन काही महिने झाले. खोटे कशाला सांगू, चाचणीत गुण काही एकदम वाढले नाहीत. एकदा तो हातून पडला आणि कव्हरने वाचवला, म्हणून कव्हरला पैसे वाचवू नका. कधी यांना यायला उशीर होतो आणि धडे भरायचे राहतात. पण मुलगी दहा साडेदहाला झोपते. आत्याबाईंना सकाळी हरिपाठ लावून देते, तोही भरून ठेवलेला असतो.

एक चूक मात्र सांगितली पाहिजे, कारण ती इथल्या पुष्कळ जणींच्या उपयोगाची आहे. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, दहावी होऊन सायन्सला गेलेल्या मुलामुलींना नीट, जेईई आणि सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोजचा डेटा देते. त्याचे अर्ज संस्थेच्या वेबसाइटवर भरायचे असतात. आमची मुलगी त्यात बसत होती. आमच्या कानावर आले तेव्हा मुदत टळून गेली होती. फुकट टॅबची बातमी इंटरनेटवर होती, आणि इंटरनेट बघायला आमच्याकडे टॅब नव्हता! चूक आमचीच, आम्ही कुणाला विचारले नाही. ज्यांची मुले यंदा दहावीला आहेत त्यांनी निकालाआधीच जातीचा दाखला आणि नॉनक्रीमिलेअर काढून ठेवावे.

आता मंडळापुढे जे मांडायचे म्हणून आले आहे ते मांडते. धडे भरून ठेवता येतात, पण सगळेच भरून ठेवता येत नाही. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. आधी हे पुण्यासारख्या मोठ्या शहरांत होते, आता शिरूर आणि दौंडच्या मुलांनाही तेच. आम्ही सायबर कॅफेत तीन खेपा घातल्या. त्याच साली लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली. आपल्यातल्या चौघी जणी पहाटे साइट लवकर उघडते म्हणून एका घरात जमल्या होत्या, चहासुद्धा तिथेच झाला, हे आपल्याला आठवत असेल. शिष्यवृत्तीचे अर्ज, वीजबिल, दाखले, प्रत्येकीच्या घरी वर्षातून दहापंधरा दिवस चांगले इंटरनेट लागते आणि उरलेले दिवस लागत नाही. त्यासाठी प्रत्येकीने वर्षाला ५,६५० भरायचे का?

आपल्या मंडळाची खोली संध्याकाळी पाच ते सात बंद असते. आपण त्रेचाळीस जणी आहोत. महिन्याच्या ४७१ रुपयांना त्रेचाळीसने भागले तर डोईला अकरा रुपये येतात, दोन रुपये उरतात. मी चौकशी केली. सहा महिन्यांचे पैसे आधी भरले तर जोडणीचा खर्च घेत नाहीत असे सांगितले. मंडळाच्या नावावर दर वेगळा लागतो का, ते मात्र विचारून पक्के करावे लागेल. वीज गेली की वायफायही जाते, तेव्हा गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तो दिवस सोडून द्यायचा. खोलीत एक थोरली बाई हजर पाहिजे, हे पाळीने करता येईल. जोडणीचा पासवर्ड भिंतीवर लिहायचा नाही, नाहीतर गल्लीतली सगळी पोरे पायरीवर येऊन बसतील.

एवढ्याने टॅब नसलेल्या मुलींचे काय, असे कुणी विचारील. कपाटात पडलेले जुने फोन बाहेर काढा. सिम नसले तरी वायफायवर ते चालतात. आमच्याच गल्लीत मी असे सात फोन मोजले, त्यांतले पाच चार्जिंगला लावताच सुरू झाले. काच फुटलेली असेना का, धडा दिसतो. आपल्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव आपण ऐकून आहात. तिथे मुलांच्या हाती टॅब आले ते गावकरी शाळेच्या पाठीशी उभे राहिले म्हणून. आपल्याला शाळा उभी करायची नाही, नुसती एक खोली दोन तास उघडायची आहे.

काही जणींनी मला आधीच सांगितले की मुली तिथे बसून काय बघतील याचा नेम नाही. शंका बरोबर आहे. पण रात्री पावणेबाराला अंधारात एकट्या पोरीने फोन बघण्यापेक्षा पाच वाजता आपल्यासमोर बसून बघितलेला मला बरा वाटतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी पाळीवर यावे आणि स्वतः पाहावे.

माझी एवढीच विनंती आहे की आज हळदीकुंकू झाल्यावर यावर हात वर करून घ्यावेत. नावे लिहायला दुधाची वही आणली आहे, मागची तीन पाने अजून कोरी आहेत. पहिले नाव आत्याबाईंनी सांगून मला लिहायला लावले, आणि त्यांचे अकरा रुपये माझ्या पदरात बांधलेले आहेत.